कोणाला सांगायचे?

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो आहे. अभियांत्रिकीतली डॉक्टरेट पदरात पडून पंधरा वर्षे झाली, सॉफ्टवेअर लिहिता लिहिता केस पिकू लागले. तरीही आठवड्यातून दोन संध्याकाळी मी इथल्या विद्यापीठात ‘सायबर गुन्हे आणि सुरक्षितता’ या पदव्युत्तर वर्गात भाच्यांच्या वयाच्या मुलांशेजारी बसतो.

कारण घरचेच आहे. २०२४ च्या दिवाळीआधी मिरजेला आईला एक फोन आला. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले म्हणे. मग व्हिडिओवर पोलिसाचा गणवेश, खोटे वॉरंट आणि हुकूम: खोलीबाहेर पडायचे नाही, कोणाला सांगायचे नाही. दोन दिवसांत आईने साडेसहा लाख रुपये पाठवले. मला कळले ते आठव्या दिवशी. “मुलगा कॉम्प्युटरमधला एवढा शिकलेला, आणि मी अशी फसले. कोणत्या तोंडाने सांगू तुला?” ती म्हणाली. पैशांपेक्षा हे वाक्य मला जास्त लागले.

वर्गातला पहिला धडा १९८८ सालचा निघाला. रॉबर्ट टॅपन मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठातला पदव्युत्तर विद्यार्थी, वय तेवीसही पूर्ण नव्हते. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्याने एक आपोआप पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. माग लागू नये म्हणून सोडला एम.आय.टी.च्या संगणकावरून! काही पुसायचा त्याचा विचार नव्हता. पण एका संगणकात एकच प्रत राहावी हा हिशेब चुकला. ‘मी आधीच इथे आहे’ असे उत्तर मिळाले तरी सातातून एकदा नवी प्रत ठाण मांडून बसे. प्रतींची गर्दी होऊन यंत्रे ठप्प झाली. तेव्हा इंटरनेटवर जेमतेम साठ हजार संगणक होते. त्यांतले सुमारे सहा हजार सापडले असावेत, असा अंदाज त्या वेळी केला गेला.

हा किडा शिरे कसा? ‘सेंडमेल’ आणि ‘फिंगर’ या दोन प्रोग्रॅममध्ये भोके होती. त्यांना थोड्याच दिवसांत ठिगळे लागली. तिसरी वाट पासवर्डची. वापरणाऱ्याचे नाव, तेच नाव उलटे, आणि नंतर सोबत आणलेल्या ४३२ शब्दांची यादी, असे तो एकेक करून पाहत जाई. आणि ते लागूही पडत! ही वाट माणसाच्या सवयीची. तिला ठिगळ अजून सापडलेले नाही.

पण मला खरे थांबवले ते पुढच्या प्रसंगाने. घाबरलेल्या मॉरिसने हार्वर्डमधल्या मित्राला गाठले. मित्राने त्याच रात्री उपाय सांगणारा निनावी संदेश पाठवला. पण जाळे तुंबलेले, कित्येकांनी तर आपले संगणकच तोडून घेतलेले. संदेश पोचेपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. बर्कली, एम.आय.टी., पर्ड्यू इथली मंडळी रात्र जागवून त्या प्रोग्रॅमची चिरफाड करत होती. पण अशा वेळी सगळ्यांनी फोन करावा असे एक ठिकाणच नव्हते.

म्हणून त्याच वर्षी, महिन्याभरातच, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे पथक उभे राहिले. चोवीस तास उचलला जाणारा फोन हे त्याचे पहिले काम. मॉरिसवर १९८६ च्या संगणक गुन्हे कायद्याखाली खटला चालला. १९९० साली त्याला तीन वर्षे प्रोबेशन, चारशे तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. नुकसानीचा हेतू नव्हता ही सबब वरच्या कोर्टाने १९९१ साली फेटाळली. परवानगी नसताना शिरलास, एवढे पुरे. (हेच गृहस्थ पुढे एम.आय.टी.तच प्राध्यापक झाले!) हळूहळू विषयाला विद्यापीठांत जागा मिळाली, आणि १९९९ साली अमेरिकन सरकारने अशा शिक्षणाची पहिली सात केंद्रे निवडली.

भारतातही ‘सर्ट-इन’ २००४ पासून आहे, आणि पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. लगेच कळवले तर पैसे वाटेतच अडवता येतात. मामेभावाने आमची तक्रार नोंदवली तेव्हा आठ दिवस उलटले होते. अडवायला काही उरलेच नव्हते.

त्या चोरांनी आईच्या फोनमधले एकही कुलूप फोडले नाही. त्यांनी फक्त तिचे तोंड बंद केले, आणि उरलेले सहा दिवस लाजेने ते बंद ठेवले. मी आयुष्यभर यंत्रांची कुलपे बनवली, पण ‘काहीही झाले तरी आधी मला सांग’ हे आईला कधी बोललो नव्हतो.

आता बोललो आहे. गेल्या महिन्यात इथल्या रात्री दोन वाजता तिचा फोन आला. “वीजबिलाचं सांगून कोणी पैसे मागत होता. ठेवून दिला फोन. झोपमोड केली का रे तुझी?” झोपमोड झाली होती. इतकी चांगली झोपमोड दुसरी आठवत नाही.

मंडळी, येत्या रविवारी घरी फोन कराल तेव्हा १९३० हा नंबर लिहून घ्यायला सांगा. व्हिडिओवरून अटक असा प्रकार भारतीय कायद्यात नाही, हेही सांगा. आणि फसलात तरी आम्ही रागावणार नाही, हे सगळ्यात आधी सांगा.