२२ जून १६११ : हडसन यांची होडी

आर्क्टिकमधून आशियाकडे जाणारी वाट शोधणाऱ्या ‘डिस्कव्हरी’ जहाजावर, आजच्या कॅनडातील जेम्स उपसागरात, या दिवशी बंड झाले. कप्तान हेन्री हडसन, त्यांचा किशोरवयीन मुलगा जॉन आणि इतर सात जणांना एका लहान उघड्या होडीत सोडून जहाज निघून गेले. त्या नऊ जणांचा ठावठिकाणा कधीच लागला नाही.

ही घटना आजही महत्त्वाची आहे ती पुराव्यामुळे. हडसन यांची उपलब्ध रोजनिशी ३ ऑगस्ट १६१० लाच थांबते. बंडाची सविस्तर हकिगत लिहिणारा अबाकुक प्रिकेट बंडखोरांबरोबरच मायदेशी परतला, आणि त्याने मुख्य दोष दिला तो परतीच्या वाटेत मेलेल्या ग्रीन व जुएट या बंडखोरांना. या प्रकरणी १६१८ मध्ये झालेल्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटले, मग संशय कशाला, असे कोणी विचारील. पण ज्यांची साक्ष निर्णायक ठरली असती, तेच बेपत्ता होते! तरीही सारी हकिगत खोटी ठरवणे अन्यायाचे होईल. सुतार फिलिप स्टाफ स्वखुशीने कप्तानाबरोबर होडीत उतरला, हे प्रिकेटच सांगतो. बंडखोरांना खाली पाहायला लावणारा हा तपशील रचून त्याला काहीच मिळणार नव्हते. तेवढा तरी खरा मानायला हवा.