फोरम सुरू करायचाय? सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे बघून घ्या

३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने ऑर्कुट बंद केलं. तिथल्या कम्युनिटींमधल्या जाहीर चर्चा काही काळ वाचण्यापुरत्या ठेवल्या होत्या, २०१७ मध्ये त्याही काढल्या. याहू ग्रुप्सचंही तेच झालं. २०१९ च्या अखेरीस जुना मजकूर उडवायला सुरुवात झाली आणि १५ डिसेंबर २०२० ला दुकानच बंद. लिहिलं होतं लोकांनी, पण जागा भाड्याची होती.

याच काळात मायबोली (१९९६ पासून) आणि मिसळपाव (२००७ पासून) ही मराठी संकेतस्थळं आपापल्या जागेवर उभी राहिली. तिथला दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा धागा आजही उघडतो, कारण सर्व्हर, डेटाबेस आणि डोमेन चालवणाऱ्यांच्या हातात आहे.

त्यामुळे एखादा ट्रेकिंग ग्रुप, शेतकरी गट किंवा परदेशातलं मराठी मंडळ 'आपलाच फोरम काढूया' म्हणतं, तेव्हा त्यांना हवी असते ती चर्चा टिकण्याची हमी.

व्हॉट्सॲप असताना हे कशाला?

प्रश्न रास्त आहे. 'उद्या किती वाजता भेटायचं' एवढंच ठरवायचं असेल तर फोरमची गरज नाही. पण 'डाळिंबावर तेल्या आलाय, काय करू' हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी तेच चार जाणकार तेच उत्तर टाइप करतात. गटात आज आलेल्या माणसाला तीन वर्षांपूर्वीची चर्चा दिसत नाही आणि गूगललाही ती सापडत नाही. डिस्कॉर्डच्या सर्व्हरवर जुनं सापडतं, पण आत शिरल्यावरच. फोरमचा धागा मात्र बाहेरून शोधणाऱ्यालाही मिळतो. ज्या गटाला हे नको असेल, त्याने खर्चात पडू नये.

बाजारात काय आहे?

सगळ्यात जुन्या आणि टिकलेल्या नावांपैकी एक म्हणजे पीएचपीबीबी. २००० सालापासूनचं, मुक्तस्रोत, फुकट. साध्या शेअर्ड होस्टिंगवर चालतं, म्हणजे शाळेची वेबसाइट जिथे असते तिथेही बसतं. दिसायला जुनाट वाटतं, पण पैसे कमी आणि तांत्रिक माणूस एकच असेल तर ही निवड चुकीची नाही. मायबीबी त्याच घराण्यातलं. फ्लॅरम (पहिली पक्की आवृत्ती २०२१ ची) हलकं आणि मोबाइलवर देखणं आहे, मात्र बऱ्याच सोयी एक्स्टेन्शनमधून घ्याव्या लागतात आणि प्रत्येक एक्स्टेन्शनचा कर्ता वेगळा असतो. तो कंटाळला की सोय अडकली.

डिस्कोर्स २०१३ मध्ये आलं आणि त्याने फोरमचं रूपच बदललं. पानं उलटण्याऐवजी सलग स्क्रोल, ईमेलवरूनच उत्तर देण्याची सोय आणि 'ट्रस्ट लेव्हल' नावाची पायऱ्यांची पद्धत. नवा सदस्य शून्य पायरीवर असतो. त्याला खाजगी निरोप पाठवता येत नाहीत, लिंकाही मोजक्याच टाकता येतात. वाचत-लिहीत गेला की अधिकार आपोआप वाढतात. स्पॅमवाल्यांचा यात चांगला बंदोबस्त होतो, आणि फुकट राबणाऱ्या मॉडरेटरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. कोड फुकट आहे, पण शेअर्ड होस्टिंगवर चालत नाही. निदान एक जीबी रॅमचा स्वतंत्र सर्व्हर आणि ईमेल पाठवणारी वेगळी सेवा लागते. ईमेलपाशीच बरेच जण अडकतात, कारण अनेक क्लाउड कंपन्या सर्व्हरवरून थेट मेल पाठवू देत नाहीत.

पैसे देऊन घ्यायची सॉफ्टवेअर म्हणजे व्हीबुलेटिन आणि झेनफोरो. दुसरं पहिल्यातूनच निघालं. २००७ मध्ये व्हीबुलेटिन इंटरनेट ब्रँड्स या कंपनीकडे गेलं, मूळ डेव्हलपर बाहेर पडले आणि २०१० मध्ये त्यांनी झेनफोरो आणलं. कंपनीने खटला भरला, तो २०१३ मध्ये मिटला. तोवर जगभरचे फोरमचालक 'आपलं सॉफ्टवेअर उद्या राहणार का' या काळजीत होते. मालकी बदलली की काय होतं हे पैसे भरणाऱ्यांनाही चुकत नाही.

ड्रुपलची जन्मकथा इथे मजेशीर आहे. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या विद्यार्थ्यांनी आपापसात गप्पा मारायला केलेल्या संदेशफलकातून ते निघालं आणि २००१ मध्ये जगासाठी खुलं झालं. मायबोली आणि मिसळपाव दोन्ही ड्रुपलवर वाढली. पण ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला आणि ड्रुपल ११ च्या गाभ्यातून फोरमचा भागच काढला गेला. आज कोरी पाटी असेल तर फक्त फोरमसाठी ड्रुपल घेण्याचं कारण उरलेलं नाही.

मराठीत चालेल का?

मेन्यूचं भाषांतर आहे की नाही एवढंच लोक विचारतात. खरी डोकेदुखी खाली डेटाबेसमध्ये असते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि इमोजी चार. मायएसक्यूएलमधला जुना 'यूटीएफ८' प्रकार तीनच बाइटपर्यंत साठवतो. म्हणजे मराठी मजकूर नीट दिसतो, सगळे खूश होतात, आणि मग कुणीतरी मधेच हसरा चेहरा टाकतो. सेटिंगनुसार एकतर चूक दाखवली जाते किंवा पोस्ट तिथून पुढे कापली जाते. 'यूटीएफ८एमबी४' निवडलं की प्रश्न मिटतो, पण ते पहिल्या दिवशीच करावं.

शोध हे दुसरं दुखणं. 'पुणे' शोधलं तर 'पुण्यात', 'पुण्याहून' बहुतेक फोरमांवर सापडत नाही. इंग्रजी शब्दांची रूपं ओळखण्याची सोय असते, मराठीची सहसा नसते. त्यात 'दुसऱ्या' हा शब्द दोन कीबोर्डवरून दोन वेगळ्या कोडमध्ये उमटू शकतो. डोळ्यांना सारखाच, यंत्राला वेगळा. निवड करण्याआधी डेमोवर 'दुसऱ्या' लिहून, तोच शब्द दुसऱ्या फोनवरून शोधून पाहावा.

डिस्कोर्समध्ये आणखी एक गंमत आहे. मूळ सेटिंग ठेवलं तर मराठी शीर्षकाचा पत्ता नुसता 'टॉपिक' आणि क्रमांक असा बनतो आणि देवनागरी सदस्यनाव घेता येत नाही. दोन्ही बदलता येतं, फक्त कुणाच्या तरी लक्षात यायला हवं.

अपडेट कोण करणार?

सप्टेंबर २०१९ मध्ये एका अनामिक माणसाने व्हीबुलेटिन ५ मधली गंभीर त्रुटी थेट जाहीर केली. कंपनीने दोन दिवसांत दुरुस्ती दिली. तरीही काही दिवसांत कोमोडोच्या फोरममधून सुमारे २ लाख ४५ हजार सदस्यांची माहिती गेली. कोमोडो ही सायबर सुरक्षेतली कंपनी. तिचीच ही गत, तर रविवारी वेळ मिळाला की सर्व्हर बघणाऱ्या हौशी ॲडमिनची काय कथा? घरात असा माणूस नसेल तर होस्टिंगसकट सेवा विकत घेणं महाग वाटलं तरी शहाणपणाचं.

कायद्याची बाजूही आहेच. भारताच्या २०२१ च्या आयटी नियमांनुसार लोकांचा मजकूर दाखवणारा मंच 'मध्यस्थ' ठरतो आणि त्याला तक्रार अधिकाऱ्याचं नाव व संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्यामुळे 'रिपोर्ट' बटण, मजकूर लपवण्याची सोय आणि कोणी काय काढलं याची नोंद हे तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये हवंच.

बाहेर पडायची वाट

डिस्कोर्समध्ये ॲडमिन पॅनेलवरून पूर्ण बॅकअप एका फाइलमध्ये उतरतो, आणि पीएचपीबीबी, व्हीबुलेटिनसारख्या जुन्या फोरमांतून चर्चा आत आणण्याच्या स्क्रिप्टही आहेत. पीएचपीबीबीत डेटाबेस सरळ काढता येतो, मात्र सदस्यांनी चढवलेली चित्रं वेगळ्या फोल्डरात असतात आणि नेमकी तीच मागे राहतात. सेवा विकत घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: सोडून जायचं ठरलं तर पोस्ट, सदस्य आणि चित्रं कोणत्या स्वरूपात मिळतील? उत्तर लेखी घ्यावं. फोरम चालू झाल्यावर महिन्याभरात एक बॅकअप दुसऱ्या मशीनवर खरोखर उभा करून पाहावा. आणि डोमेन एकट्या उत्साही सदस्याच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदवू नये. त्याची नोकरी बदलते, लग्न होतं, तो मेल बघणं सोडतो, आणि नूतनीकरणाची तारीख निघून जाते.