भात्याचा सूर

परभणी स्थानकावरून डिझेल इंजिन निघताना धडधडीवर चढत जाणारी बारीक शीळ आपण सर्वांनी ऐकली आहे. पुष्कळांना ती इंजिनाची कुरकुर वाटते. वस्तुतः ती कोंडलेल्या वाऱ्याची शीळ होय. तिचे मूळ लोहाराच्या भात्यात आहे.

वारा मिळाला की विस्तव फुलतो. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० साली फिरत्या भात्याचे पेटंट घेतले. तो भट्ट्यांना वारा घालू लागला. १९२१ साली मर्सिडीजने असाच भाता जोडलेल्या मोटारी बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या. हाच सुपरचार्जर.

त्यातील दुपाखी रोटरांची जोडी एका फेऱ्यात हवेचे चार घोट ढकलते. सेकंदाला शंभर फेरे झाले की चारशे धक्के बसतात. कानाला ते सुटे मोजता येत नाहीत. त्यांचा एक सूर होतो. दातेरी चाकांचा आवाज त्यात मिसळतो. रेल्वेच्या इंजिनातील भाता मात्र जळक्या वायूच्या झोताने फिरतो. त्याला पाती अनेक आणि वेग मोठा, म्हणून शीळ अधिक बारीक.

जाणता कारागीर या सुराला भीत नाही. सूर बदलला की मात्र तो कान टवकारतो. भाता फाटला हे लोहारही आवाजावरूनच ओळखतो ना?