सिरोसिस आणि छातीतली नळी : शेवटचे ७२ तास

(रुग्ण प्रातिनिधिक आहे, घटनांचा क्रम मात्र वैद्यकशास्त्राला पुरता ओळखीचा आहे.)

७२ तास उरले. रात्रीचे नऊ. लिव्हर सिरोसिसचे पन्नाशीतले गृहस्थ धापा टाकत कॅज्युअल्टीत येतात. एक्स-रेत छातीची उजवी बाजू पांढरी, म्हणजे पाण्याने भरलेली. पोट फारसं फुगलेलं नाही, त्यामुळे पोटाचा संशय कुणालाच येत नाही. पण श्वासपटलात बारीक छिद्रं असतात आणि प्रत्येक श्वासाबरोबर पोटातलं पाणी त्यांतून छातीत खेचलं जातं.

७१ तास. मुलगा हात जोडतो, "डॉक्टर, सगळं पाणी एकदाच काढून टाका." सुईने दीडेक लिटर काढून, नमुना तपासायला पाठवून सुई बाहेर घेता आली असती. पण छातीत नळी टाकली जाते.

६६ तास. बाटलीत दोन लिटर. दम थांबतो, घरचे निर्धास्त होतात.

४८ तास. बाटली पुन्हा भरलेली. पोटात पाणी तयार होतंय, तोवर नळी वाहतच राहणार. त्याबरोबर प्रथिनं आणि क्षारही चाललेत.

३६ तास. रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मात्र चालूच आहेत. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दुपटीवर.

२४ तास. ताप. छातीतल्या पाण्यात जंतुसंसर्ग. रुग्ण असंबद्ध बोलू लागतो.

१२ तास. अल्ब्युमिन आणि अँटिबायोटिक सुरू होतात, पण उशिरा. नळी काढली तरी जखमेतून पाणी झिरपत राहतं.

शून्य. मूत्रपिंडं बंद. व्हेंटिलेटरवर मृत्यू.

हे टाळता येतं. दिवसाला जेमतेम ५ ग्रॅम मीठ. लोणचं, पापड, फरसाण बंद. स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, त्याही रक्ततपासण्यांवर नजर ठेवून. दम लागला की सुईने बेताचं पाणी काढणं. एवढ्याने भागलं नाही, तर निवडक रुग्णांत यकृतातल्या रक्ताचा दाब उतरवणारी 'टिप्स' प्रक्रिया. कायमचा उपाय यकृत प्रत्यारोपण. त्यासाठी विभागीय प्रत्यारोपण समितीच्या प्रतीक्षायादीत नाव वेळेवर गेलं पाहिजे.

छातीत पू किंवा हवा साठली असेल, तर नळी लागतेच. पण तुमच्या माणसाला सिरोसिस असेल, तर संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी एवढं जरूर विचारा: "डॉक्टर, हे पाणी पोटातून येतंय का? सुईने भागेल का?"