नो क्लेम बोनसचे संरक्षण

मोटारीच्या विमा पॉलिसीला जादा हप्ता भरून जोडून घेता येणारे पूरक कलम. वर्षभरात नुकसानभरपाईचा दावा केला, तरी गाडीमालकाने साठवलेली सवलत पुढच्या नूतनीकरणात शाबूत राहावी, हा त्याचा हेतू. एजंटांच्या आणि शोरूमच्या भाषेत हे ‘एनसीबी प्रोटेक्ट’. झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रोडसाइड असिस्टन्स यांच्या रांगेत ते येते, आणि बहुतेक ग्राहक ही सगळी रांग एकदम घेतात किंवा एकदम नाकारतात. मात्र या कलमाचा हिशेब बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, तो स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

आधी मूळ बोनस. भारतात त्याच्या पायऱ्या २००२ च्या मोटार दरपत्रकापासून ठरलेल्या आहेत: दावा न करता एक वर्ष गेले की २० टक्के, सलग दोन वर्षे गेली की २५, मग ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. सवलत मिळते ती फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ‘ओन डॅमेज’च्या हप्त्यावर. मोटार वाहन कायद्याने सक्तीच्या केलेल्या थर्ड पार्टी विम्याला ती लागू नाही. जून २०२२ पासून १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीचा हा हप्ता ३,४१६ रुपये ठरला, तो वीस वर्षे निष्कलंक गाडी चालवणाऱ्यालाही तेवढाच. चढताना पाच वर्षे लागतात, उतरताना एक दावा पुरतो: रक्कम कितीही असो, टक्केवारी थेट शून्यावर येते.

चूक कोणाची, हेही इथे विचारले जात नाही. सोसायटीच्या आवारात उभ्या गाडीवर माडाची झावळी कोसळली, सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून टेम्पोने ठोकले, तरी स्वतःच्या पॉलिसीवर दावा केला की बोनस गेला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या पुरात कोणाही चालकाचा दोष नव्हता. नियम मात्र दावा झाला की नाही एवढेच पाहतो.

बोनस गेल्याने नेमके किती नुकसान होते? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण ते फक्त पुढचे वर्ष मोजतात. समजा, ओन डॅमेजचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे आणि मालक ५० टक्क्यांवर पोहोचला आहे. म्हणजे तो ६,००० भरतो. दावा केल्यावर पहिल्या वर्षी पूर्ण १२,००० भरावे लागतील, त्यानंतर ९,६००, ९,०००, ७,८०० आणि ६,६००. सहाव्या वर्षी गाडी पुन्हा ६,००० वर येईल. दरवर्षीचा जादा भार अनुक्रमे ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० रुपये. बेरीज १५,०००, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १७,७००. गाडीचे विमामूल्य दरवर्षी घटते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल. तरीही तो एका वर्षाच्या सवलतीच्या दुपटीहून बराच वर राहतो.

तोच हिशेब २० टक्क्यांवर असलेल्या मालकासाठी केला, तर चित्र पालटते. संरक्षणाने त्याची सध्याची पायरी टिकवली आणि तिथून तो पुन्हा चढू लागला, असे धरले, तर पाच वर्षांत वाचणारी रक्कम मूळ हप्त्याच्या निम्मी, म्हणजे ६,००० रुपये होते. ५० टक्केवाल्याच्या बाबतीत ती सव्वापट होती. कलम तेच, पण एकाला त्याचा उपयोग दुसऱ्याच्या अडीचपट. अनेक कंपन्या किमान काही टक्के बोनस जमल्याशिवाय हे कलम देतच नाहीत. गाडी अगदी नवी असेल, तर राखायला काही नसतेच.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट उघड होते. संरक्षण नसलेला शहाणा मालक छोटे दावे करतच नाही. बंपर फुटला, नवा ८,००० रुपयांचा आहे. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट असते. हातात येतात ३,००० आणि वर थोडीफार मजुरी. त्यासाठी १७,००० च्या आसपासची सवलत घालवण्यात अर्थ नसतो, म्हणून डेंटिंग-पेंटिंगचे बिल तो मुकाट्याने खिशातून भरतो. म्हणजे जमलेला बोनस हीच एक अदृश्य वजावट होऊन बसते. संरक्षणाचे पैसे भरणारा खरे तर मधल्या आकाराचे, पाच ते वीस हजारांचे दावे मोकळेपणाने करण्याची मुभा विकत घेत असतो. लाखभराच्या नुकसानीचा दावा दोघेही करणारच. फरक एवढाच की एकाची टक्केवारी त्यानंतरही टिकते.

निर्णयाचे गणित मग फार अवघड राहत नाही. वरच्या उदाहरणात कलमाची किंमत करासह ९०० रुपये असेल, तर साधारण वीस वर्षांत एक दावा झाला तरी खर्च वसूल होतो. २,५०० असेल, तर सात वर्षांत एक दावा व्हावा लागतो. पुण्यात रोज गर्दीतून ऑफिस गाठणाऱ्या, रात्री रस्त्यावर गाडी लावणाऱ्या माणसाला दुसरी किंमतही कदाचित परवडेल. आठवड्यातून एकदा बाहेर पडणाऱ्या, बंदिस्त पार्किंगमधल्या गाडीला ती जड आहे. जुनी गाडी, कमी विमामूल्य आणि चार-पाच हजारांचा मूळ हप्ता असेल, तर नकार देणे बहुधा बरे.

पण किंमत पाहण्याआधी कलमाचा मजकूर वाचणे भाग आहे, आणि खाचा तिथेच असतात. वर्षाला एक दावा चालतो की दोन, हे कंपनीगणिक बदलते. संपूर्ण गाडी चोरीला गेली किंवा निकामी ठरली, तर संरक्षण लागू राहते का, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळे. पुष्कळ पॉलिसींत अट असते की नूतनीकरण त्याच कंपनीकडे केले तरच राखलेली टक्केवारी मिळेल. स्वस्त दर शोधत दरवर्षी कंपनी बदलणाऱ्यासाठी अशा वेळी हे कलम जवळपास निरुपयोगी ठरते, कारण नवी कंपनी जुन्या कंपनीकडून दाव्यांची खातरजमा करू शकते.

सर्वांत मोठी खाच वेगळीच आहे. राखली जाते ती टक्केवारी, हप्ता नव्हे. जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर कंपन्यांना स्वतः ठरवता येतात. दावा झाल्यावर कंपनीने मूळ दरावरची आपली सूट आखडती घेतली, तर ५० टक्के बोनस शाबूत असूनही बिल वाढते. ब्रिटनमध्ये हा गोंधळ इतका पसरला होता की तिथल्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने मोटार विम्याच्या चौकशीत, २०१४ च्या अहवालात, त्यावर बोट ठेवले. २०१५ च्या आदेशाने विमा कंपन्यांना संरक्षणाची किंमत वेगळी दाखवणे आणि संरक्षणानंतरही हप्ता वाढू शकतो हे सांगणे बंधनकारक झाले. भारतीय ग्राहकाला हा प्रश्न एजंटला स्वतःहून विचारावा लागतो: दाव्यानंतर मूळ दर तोच राहील का?

बोनस दाव्याशिवायही बुडतो, आणि तिथे हे कलम कामाचे नाही. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर साठलेली सवलत रद्द होते. उलट गाडी विकल्याने ती जात नाही. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. विक्रीनंतर कंपनीकडून प्रमाणपत्र घेतले, तर तीन वर्षांपर्यंत दुसऱ्या गाडीवर तो वापरता येतो. सेकंड हँड गाडी घेणाऱ्याला मात्र आधीच्या मालकाचा बोनस मिळत नाही, चालू पॉलिसी नावावर करून घेताना त्याला सवलतीचा फरक भरावा लागतो. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी पती-पत्नी, मुले किंवा आईवडिलांकडे आली, तर बोनसही त्यांच्याकडे येऊ शकतो. दुबई किंवा लंडनहून कायमचे परतणाऱ्यांसाठीही दरपत्रकात तरतूद होती: तिथल्या बोनसचा पुरावा दाखवून, परदेशी पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे विमा घेतला, तर ती कमाई इथल्या नियमांनुसार धरता येते.