नो एन्ट्रीज

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या संस्थेचा लिनक्स सर्व्हर सांभाळायचो. सकाळचा चहा हातात घ्यायचा आणि काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाइप करायची, हा रोजचा नेम: ‘जर्नलसीटीएल -पी ईआरआर’. पुढे ‘कालपासून’ एवढं जोडायचं. म्हणजे सर्व्हरने रात्रभर लिहिलेल्या हजारो ओळींपैकी फक्त गंभीर तेवढ्या दाखव. उत्तर यायचं, ‘नो एन्ट्रीज’. मी चहा संपवून दुसऱ्या कामाला लागायचो.

एका सोमवारी डेटाची डिस्क गेली. बॅकअप आहे की, म्हणून मी निवांत होतो. उघडून पाहिलं तर शेवटचा बॅकअप १९ दिवसांपूर्वीचा. मधल्या दिवसांत लोकांनी भरलेले अर्ज गेले ते गेलेच. एकेकाला फोन करून ‘पुन्हा भरता का?’ असं विचारावं लागलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा चाळणी न लावता अख्खा लॉग वाचला. रोज रात्री बॅकअपच्या वेळेला एक ओळ पडलेली होती आणि तिची सुरुवातच ‘एरर’ या शब्दाने होत होती.

मग माझ्या कमांडला ती दिसली कशी नाही? याचं उत्तर शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

‘लॉग’ म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला बांधलेली फळी पाण्यात टाकत आणि ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटतात ते मोजत. समुद्रावरचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींत सांगतात तो यामुळेच. हे आकडे ज्या वहीत उतरवायचे ती लॉगबुक. आपल्या जुन्या हिशेबात रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजकिर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने येतात, खतावणीत ते खात्यांनुसार लागतात. कॉम्प्युटरचा लॉग म्हणजे रोजकीर्द. त्यातून हवं ते शोधायचं तर कुणीतरी खतावणी मांडावी लागते.

ते काम करणारं पहिलं नावाजलेलं हत्यार ‘ग्रेप’. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने ते लिहिलं आणि १९७३च्या युनिक्समध्ये ते आलं. ‘ईडी’ नावाच्या एडिटरमध्ये ‘सगळीकडे हा नमुना शोध आणि छाप’ अशी आज्ञा होती, तिच्या आद्याक्षरांतून हे नाव बनलं. ग्रेपला अर्थ कळत नाही, अक्षरं कळतात. ‘एरर’ शोधायला सांगितलं तर ‘शून्य एरर सापडल्या’ ही आनंदाची बातमीही तो त्याच गंभीर चेहऱ्याने समोर ठेवतो. आणि ‘डिस्क सापडत नाही’ ही ओळ सोडून देतो, कारण तिच्यात तो शब्दच नाही.

नोंदी थोड्या असतील तर हे चालतं. खूप असल्या की काय होतं, ते कॉम्प्युटरच्या दुनियेबाहेर एका पहाटे दिसलं.

२८ मार्च १९७९. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या संचात पहाटे चारच्या सुमारास पाण्याचे पंप बंद पडले. दाब वाढला, तो कमी करणारा व्हॉल्व्ह ठरल्याप्रमाणे उघडला, पण पुन्हा मिटलाच नाही. पहिल्या काही मिनिटांत नियंत्रण कक्षात शंभराहून जास्त अलार्म वाजले. त्यातले बिनमहत्त्वाचे गप्प करायची सोय नव्हती. अलार्मची नोंद कागदावर उतरवणारा प्रिंटर इतका तुंबला, की एका टप्प्यावर तो दोन तासांहून जास्त मागचं छापत होता.

त्याहून वाईट गोष्ट होती एका दिव्याची. तो विझला, म्हणून ऑपरेटरांना व्हॉल्व्ह मिटल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात तो दिवा ‘मिट’ असा हुकूम गेला, एवढंच सांगत होता. व्हॉल्व्ह खरोखर मिटला का, हे त्याला माहीतच नव्हतं. दोन तासांहून जास्त वेळ त्या वाटेने पाणी जात राहिलं आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला. चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते गणितज्ञ जॉन केमेनी. टॉमस कर्ट्झ यांच्यासोबत १९६४ मध्ये ‘बेसिक’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार करणारे तेच हे केमेनी. बिनमहत्त्वाचे इशारे बाजूला सारायची व्यवस्था नव्हती, हे त्यांच्या अहवालाने ठळकपणे नोंदवलं.

याच काळात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन ईमेल पोचवणारा ‘सेंडमेल’ हा प्रोग्रॅम लिहीत होता. थ्री माइलशी त्याचा काही संबंध नव्हता, पण गोंगाटाचा प्रश्न त्याच्याही समोर होता. सेंडमेलच्या नोंदी ठेवायला त्याने ‘सिसलॉग’ बनवला आणि १९८३च्या ‘४.२ बीएसडी’ युनिक्समधून तो सगळीकडे पसरला. कल्पना साधी होती: प्रोग्रॅमने ओळ लिहितानाच ती किती गंभीर आहे ते एका आकड्यात सांगायचं. पुढे आठ पायऱ्या कायम झाल्या. शून्य म्हणजे इमर्जन्सी, मग अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटीस, इन्फो आणि सातवी डीबग. आकडा जितका लहान तितकं संकट मोठं.

ओळीसोबत जाणारा आकडा एकच असतो, पण त्यात दोन गोष्टी बसवलेल्या असतात. नोंद कुणाकडून आली त्याच्या क्रमांकाला आठाने गुणायचं आणि त्यात गांभीर्य मिळवायचं. ईमेलचा क्रमांक २, इन्फोची पायरी ६, म्हणून २२. तो आकडा वाचून सर्व्हर ठरवतो: इमर्जन्सी असेल तर लॉगिन असलेल्या सगळ्यांच्या स्क्रीनवर टाक, डीबग असेल तर फाइलीत ठेव किंवा फेकून दे. लिनक्सच्या कर्नलनेही याच आठ पायऱ्या घेतल्या. २०११च्या अखेरीस जाहीर झालेल्या सिस्टमडीच्या ‘जर्नल’नेही त्याच ठेवल्या. मी रोज सकाळी टाइप करायचो ते ‘-पी ईआरआर’ म्हणजे तिसरी पायरी आणि तिच्याहून गंभीर सगळं.

आता माझी चूक सांगतो. बॅकअपची स्क्रिप्ट मीच लिहिली होती. काही बिघडलं की ती ‘एरर’ असं साध्या प्रिंटने छापायची आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात सुखरूप संपायची. सर्व्हिसने नुसतं छापलेलं वाक्य सिस्टमडी मूळ सेटिंगप्रमाणे सहाव्या पायरीवर, इन्फो म्हणून नोंदवतं. वाक्यात काय लिहिलंय ते बघत नाही. म्हणजे ओळ ओरडत होती ‘एरर’ आणि तिच्या कपाळावर चिकटलं होतं ‘सहज सांगितलं’. साध्या ग्रेपने ती पहिल्याच दिवशी पकडली असती. माझी कमांड शब्द वाचत नव्हती, फक्त आकडा वाचत होती आणि तो आकडा चुकीचा होता.

थ्री माइलचा दिवा मला इथे आठवतो. तिथे विझलेला दिवा म्हणत होता ‘हुकूम दिलाय’ आणि माणसं वाचत होती ‘व्हॉल्व्ह मिटलाय’. माझ्या स्क्रीनवरचं ‘नो एन्ट्रीज’ म्हणत होतं ‘कुणी स्वतःला गंभीर म्हणवून घेतलं नाही’ आणि मी वाचत होतो ‘सगळं आलबेल’. कमांड खोटं बोलली नव्हती. मी तिला विचारलेला प्रश्न आणि मला हवं असलेलं उत्तर यांचाच मेळ नव्हता.

सिसलॉगचं २००९चं प्रमाणपत्रक, आरएफसी ५४२४, हे मोकळेपणाने मान्य करतं. गांभीर्य ही फार व्यक्तिसापेक्ष गोष्ट आहे, सगळ्यांची व्याख्या एकच असेल असं धरून चालू नका, असं त्यात म्हटलंय. हा आकडा घटना घडायच्या खूप आधी कुणीतरी ठरवलेला असतो. बहुतेकदा कोड लिहिताना, घाईत, संकट कसं दिसेल याची कल्पना नसताना. माझ्या बाबतीत तर मी तो ठरवलाही नव्हता. न ठरवणं हासुद्धा एक निर्णय असतो, हे मला १९ दिवसांनी कळलं.

त्या स्क्रिप्टमध्ये मग मी छापायच्या ओळीआधी तीन चिन्हं घातली: <३>. सिस्टमडी ती वाचतं आणि ओळ तिसऱ्या पायरीवर नेतं. काम फसलं तर स्क्रिप्ट आता ‘फसलं’ असं सांगूनच संपते. सकाळची कमांड अजून तीच आहे. फक्त दर शुक्रवारी मी बॅकअपमधून कुठलीही एक फाइल बाहेर काढतो, उघडतो आणि डोळ्यांनी वाचून बघतो.