भूखंड दलाली व नोंदणी (रायपूर)

जमीनमालकाशी साठेखत करून, खरेदीखत होण्याआधीच तो व्यवहार चढ्या भावाने तिसऱ्याला देणाऱ्या मध्यस्थाला परवाना लागतो का, हा रायपूरच्या जमीनबाजारातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मुख्यतः स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मध्ये सापडते. कलम ९ नुसार नोंदणीपात्र प्रकल्पातील भूखंड वा सदनिका विकून देणाऱ्या दलालाने राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी केली पाहिजे. छत्तीसगढचे प्राधिकरण रायपूरलाच आहे. कसूर केल्यास कलम ६२ प्रमाणे दररोज १०,००० रुपये दंड होतो. त्याची कमाल मर्यादा मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्के. सुटी शेतजमीन किंवा जुन्या घराची फेरविक्री मात्र सहसा या चौकटीबाहेर राहते, आणि ही मोठीच उणीव आहे.

साठेखत दुसऱ्याच्या नावे करता येते, पण करारात तशी मनाई नसेल तरच. शिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार नुसत्या साठेखताने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. बयाणा देणाऱ्या शेवटच्या ग्राहकाला हे क्वचितच सांगितले जाते.

शेताचे तुकडे पाडून विकणे ही दलाली नव्हे. शहर हद्दीत त्यासाठी महापालिका कायद्याखाली वसाहतकार म्हणून वेगळी नोंदणी लागते. तिच्याशिवाय केलेली ‘अवैध प्लॉटिंग’ हा फौजदारी गुन्हा आहे.